टेंभुर्णीच्या आक्काची कार्डं

आज्जा, माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. डॉक्टर म्हणाले, अजून पिकू द्या, मग काढू. तेव्हापासून काहीतरी लिहायचं राहिलंय असं सारखं वाटतं, आणि लिहायला बसलं की हात जड होतो. आज दुपारी घरातली सगळी झोपली आहेत, म्हणून बसले. तू मला डोळ्यांनी कधी नीट पाहिलंच नाहीस. मला समज आली तोवर तुझी नजर गेलेली होती. गिरणीतल्या मागावर उभं राहून गेली, असं आई म्हणायची.

दर रविवारी सकाळी मी डबा घेऊन यायची. आम्ही स्टेशनकडच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, तू गिरणीच्या चाळीत, आजी गेल्यापासून एकटा. डब्यात चार भाकरी, शेंगाची चटणी, कधी वरून दही. शाळेचे काळे बूट घालूनच ये, असं तू बजावून ठेवलं होतंस. त्या चाळीत बूट घालणारी मुलगी मी एकटीच. फरशीवर टाचा वाजल्या की तू आतूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचास, "आली बगा आमची मेमसाब." मग माझ्याकडे मान वळवून हळूच, "वाजवत ये की. एवढ्या हळू कशाला?"

मी भाकरी कुस्करून तुझ्यापुढे ठेवते. तू चटणी बोटाला लावून चाखतोस आणि आईनं लसूण जास्त घातला की कमी ते सांगतोस. ते झालं की हात धुऊन उशीखाली चाचपतोस. तिथं टेंभुर्णीच्या आक्काचं कार्ड असतं.

आक्का तुझी थोरली बहीण. तुमची आई तुझ्या लहानपणीच गेली, तेव्हा तिनंच तुला वाढवलेलं. तिला लिहिता येत नव्हतं, ती गावच्या कुळकर्ण्यांकडून कार्ड लिहवून घ्यायची. कार्ड मधल्या वारी आलं तरी तू ते रविवारपर्यंत तसंच ठेवायचास. शेजारचे जॉबर, गिरणीतले मुकादम, दोनदा म्हणाले, द्या, मी वाचतो. तू म्हणालास, "आमची पोरगी विंग्रजी वाचती. ती वाचंल की."

मी दहा वर्षांची होते तेव्हाची ही गोष्ट. पहिल्यांदा कार्ड हातात घेतलं तेव्हा दारात जॉबरची बायको आणि आणखी दोघी उभ्या होत्या. कार्ड मोडीत होतं. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं होतं, मास्तरांनी बालबोध, म्हणजे पुस्तकातली देवनागरी. मोडीचं एकही अक्षर मला येत नव्हतं. काळ्या शाईची एकसंध वळणं, कुठं शब्द संपतो तेही कळेना. जॉबरची बायको म्हणाली, "अडलं व्हय मेमसाबचं?" तुझा चेहरा माझ्याकडे वळलेला. आईला येणाऱ्या पत्रांतून जे ऐकलं होतं, तेच मी म्हणून टाकलं. अनेक आशीर्वाद विशेष. इकडील सर्व क्षेम आहे. ज्वारी बरी आली. तू मान डोलावलीस आणि त्या बायका गेल्या.

एकदा म्हटलं की पुढच्या वेळी म्हणणं सोपं जातं. वर्षभर मी आक्काची कार्डं वाचत राहिले. नुसतं क्षेम सांगून तुझं भागेना. "आनि काय म्हनती?" तू विचारायचास. म्हणून मी तिची गाय गाभण ठेवली, मग ती व्याली, कपाळावर पांढरा टिळा असलेली कालवड झाली. तुला ती कालवड इतकी आवडली की चाळीत तू तिच्या गोष्टी सांगायचास. कार्डाचं उत्तरही मीच लिहायची, बालबोधीत. उत्तरं वाचून टेंभुर्णीला ते काय समजत असतील, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. पावसाळ्यानंतर कार्डं लागोपाठ यायला लागली. मला कंटाळा यायचा, इतकंच आठवतं.

पौषातला रविवार होता. कार्ड दाराच्या फटीतून आत पडलेलं, मीच उचललं. नेहमीपेक्षा मजकूर थोडा होता आणि एक कोपरा फाटलेला. पोस्टात फाटला असेल, असं मला वाटलं. मी वाचलं. सर्व क्षेम, कालवड आता गवताला तोंड लावते. तू म्हणालास, "दे हिकडं." उशीखाली ठेवण्याआधी कार्डाच्या कडांवरून बोट फिरवायची तुला सवय होती. बोट कोपऱ्यापाशी आलं आणि थांबलं.

"हे कुटं फाटलं?"

"पोस्टात."

तू पुन्हा तिथंच बोट नेलंस. मग विचारलंस, "आनि आक्का बरी हाय?"

"बरी आहे."

तू भिंतीला धरून उठलास, मोरीत गेलास आणि मला घागर द्यायला सांगितलीस. त्या थंडीत गार पाणी धोतरासकट डोक्यावर घेतलंस. मी विचारलं तर म्हणालास, "उकडतंय." कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात ते माणूस गेल्याचं कळवायला, आणि कळल्यावर अंघोळ करायची असते, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरी तोवर तसं कार्ड आलं नव्हतं.

दोन रविवार गेल्यावर तुझा भाचा आला, आक्काचा मुलगा. मी कोपऱ्यात डब्याजवळ बसलेले. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मामा, तीन कार्डं टाकली. म्हातारी अंथरुणाला खिळली, तुमास्नी बोलवा म्हनती, असं लिवलं. दाराकडं डोळं लावून गेली. आनि तुमी उलटं लिवता, कालवड कशी हाय म्हनून. कुटली कालवड? गाय तर दोन वर्सामागं इकली आमी."

मी बुटांकडे बघत होते. आता माझं नाव निघणार. जॉबरची बायको दारात येऊन उभी राहिली होती.

तू म्हणालास, "कार्डं मिळाली की."

"मग?"

"मलाच जमलं न्हाय. आंधळ्याला कोन नेनार तितवर? लई चुकलं माजं." आणि पुढं, "कालवडीचं म्हातारपनी काय तरी डोक्यात आलं आसंल."

तो उठला. जाताना म्हणाला, सख्ख्या भावापेक्षा परका बरा. तुझ्याकडे तो पुन्हा कधी आला नाही. तुझ्या तेराव्यालासुद्धा आला नाही.

तू मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. पुढच्या रविवारी भाकरी खाल्लीस, हात धुतलेस, उशीखालून जुन्यातलं एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलंस. "वाच की." तुझा आवाज नेहमीसारखाच होता. ती शिक्षा होती की माया, हे मला आजही ठरवता येत नाही. मी वाचलं. अनेक आशीर्वाद विशेष. कालवड आता मोठी झाली. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. असं आणखी दोन वर्षं चाललं, तू जाईपर्यंत. प्रत्येक रविवारी घरातून निघताना आज सांगू असं ठरवायची, आणि चाळीच्या तोंडाशी बूट वाजवायला सुरुवात करायची.

आईलाही मी हे कधी सांगितलं नाही. टेंभुर्णीचं माणूस येऊन गेल्याचं तिला चाळीतून कळलं, तेव्हा तिनं विचारलं, तू होतीस ना तिथं? मी म्हटलं, हो, मला फार रडू आलं. पुढे लग्नानंतर आक्काची गोष्ट निघाली की मी तेच सांगत आले, आणि सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, तेव्हा इथं तरी नीट लिहिते. त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं, आज्जा. तू "मलाच जमलं न्हाय" म्हणालास, तेव्हा मला वाटलं होतं, सुटले.