क्लाइव्हचं बटण

प्रिय क्लाइव्ह,

ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. डोरीन आहे तशी आहे. उजवा हात लुळा, वाचा गेलेली, डोकं मात्र शाबूत. तुझी बहीण आहे म्हणून कळवतो.

तू बसवून दिलेला डबा चालतोय. पावाएवढा कॉम्प्युटर, टीव्हीखाली बसलाय. मधे गिलियन म्हणाली, "बाबा, ही अडगळ काढा, आईला टॅबलेट आणते." आणला. लेकीचं मन मोडायला नको म्हणून चालवला. रोज सकाळी त्याला काहीतरी नवीन हवं असायचं, बटणं जागा बदलायची. शेवटी डोरीनने डाव्या हाताने तो चहाच्या ट्रेसकट खाली ढकलला. तुझ्या डब्यातली सिस्टीम तुम्हा चार वेड्यांशिवाय कुणी वापरत नाही, म्हणून ती बदलतही नाही. किटली उकळायच्या आत तयार.

ती चित्रावर माउस नेऊन दाबते, डबा तिच्यासाठी बोलतो. चहा. खिडकी. दुखतंय. सगळं गिलियनच्या आवाजात. फक्त तुझ्या फोटोमागे तुझा आवाज, "आलोच गं डोरी." तू ते बसवलंस तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. डोरीनही, अर्ध्या तोंडाने.

तुमच्या कॉम्प्युटर मंडळाचं म्हणशील, तर चॅपलच्या खोलीत आता रॉड, मी आणि हीटर. मी आपला डबा बिघडू नये म्हणून जातो. रॉड विचारतो, "तुझा मेव्हणा गेला की काय? सांग, म्हणजे दोन मिनिटं उभे राहू." मी म्हटलं, ब्रिस्टलला आहे. तर म्हणतो, "मग बसूनच राहू."

तुझी नोकरी, नवं घर, सगळं ऐकलंय. फोनवर तू "या ईस्टरला बघतो" म्हणतोस, तेही पाठ झालंय.

मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून बस डेपोत लागलो. इंजिन उघडता येतं, हे येत नाही. तरी रॉडने सांगितलं तसं शिफ्ट दाबून तुझा प्रोग्राम उघडला. आत फायलींना तू ठेवलेली नावं, भोपळा, गंजका, मावशी. काय कळणार? एक उडवली, तर चहा मुका झाला. डोरीन दाबत राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली, जसा काही मीच तिचा गळा धरलाय. रॉडने कसंबसं परत बसवलं. म्हणाला, "आता हात लावू नकोस. ज्याने केलंय त्याला विचार."

म्हणून विचारतो. ये म्हणत नाही, ते म्हणून झालं. हल्ली ती चहा मागत नाही, दुखतंय म्हणत नाही. जेवण झालं की तुझा फोटो दाबते. डबा म्हणतो, "आलोच गं डोरी." ती दाराकडे मान वळवते. थांबते. परत दाबते. संध्याकाळपर्यंत हेच. त्यातली तुझ्या आवाजाची फाईल कुठली, तेवढं नाव एका कागदावर लिहून पाठव. उडवायचं काम मी करतो.

तुझाच मेव्हणा, अजून तरी,
ऑल्विन