होल्डवर ठेवलेली शाल

अहो,

तुम्हाला जाऊन महिना होऊन गेला. पत्र लिहायचं मनात नव्हतं, पण उद्या रविवार आहे आणि उद्या सकाळी बागेत तुमच्या नावाचा फलक लागणार आहे. त्यावर लिहिलंय की तुम्ही योगाच्या जोरावर मधुमेहाची गोळी सोडलीत. मग रोज सकाळी आठ वाजता, बागेतून घरी आल्यावर, पोह्यांच्या ताटलीत मी काय ठेवत होते?

लेकीला विचारलं तर म्हणते, "आई, जाऊ दे ना, आता पप्पा नाहीत." नाहीत म्हणूनच तर अडलंय. असते तर समोर बसवून विचारलं असतं. आता हे पत्र.

मला कळलं ते तुमच्या शोकसभेत. संत तुकाराम नगरच्या त्याच बागेत, तुमची निळी चटई अंथरून तिच्यावर फोटो ठेवला होता. एकेक जण उठून बोलत होता. तुम्ही गुडघेदुखीवाल्यांना किती सांभाळून घ्यायचात, पाऊस असला तरी शेडखाली वर्ग कसा भरवायचात. मी ऐकत होते, बरं वाटत होतं. मग योगाचे मास्तर उठले आणि म्हणाले, "दोन वर्षं एकही गोळी न घेता भाऊंनी शुगर ताब्यात ठेवली." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हो ना वहिनी?"

मी हो म्हणून मान हलवली. का हलवली, देव जाणे. सगळे माझ्याकडे बघत होते, फोटोत तुम्ही हसत होतात, आणि त्या क्षणी मला वाटलं की कदाचित माझंच काहीतरी चुकतंय. घरी येऊन औषधांचा डबा उघडला. अर्धी संपलेली पट्टी तिथंच होती, जिच्यातली तुमची शेवटची गोळी तुम्ही गेलात त्या सकाळी मीच काढून दिली होती.

मला अजून उलगडत नाही. तुम्ही खोटं बोलणारे नव्हतात हो. चाकणच्या कंपनीत एकोणतीस वर्षं क्वालिटीत काढलीत, केसाएवढा ओरखडा असलेला पीस कधी पास केला नाहीत. साहेबाचा दबाव आला तरी नाही. त्यापायी प्रमोशन गेलं, आणि मी महिनाभर तुमच्याशी धड बोलले नव्हते. असला माणूस बागेतल्या चाळीस लोकांना दोन वर्षं फसवतो?

आणि योगाने तुम्हाला काहीच झालं नाही असंही कसं म्हणू? रिटायर झालात तेव्हा काय अवस्था होती. शिफ्टच्या त्या उलटसुलट जेवणांनी शरीराचं घड्याळच मोडलं होतं. जिना चढताना धाप, पायांना मुंग्या, आणि चिडचिड तर विचारूच नका. मग बागेत जायला लागलात. पहिल्या दिवशी वज्रासनात बसलात आणि उठताच येईना, दोघांनी धरून उठवलं, घरी येऊन माझ्यावरच ओरडलात. वर्षभरात मंडूकासन, कपालभाती, सगळं अंगवळणी पडलं. तीन महिन्यांची शुगर खाली आली. डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी बंद केली आणि बजावलं, "सकाळची चालू राहील. योग आणि गोळी, दोन्ही." त्या दिवशी तुम्ही चक्क गाणं गुणगुणत घरी आलात. इतका सरळ हिशोब होता, त्यात खोटं बोलण्यासारखं काय होतं?

मी शेवटी बापू भावजींना गाठलं. तुमच्याबरोबर कंपनीच्या बसला असायचे, बागेतही चटई तुमच्या शेजारीच. ते खाली मान घालून म्हणाले, "व्हय वहिनी, मला ठावं व्हतं. गेल्या संक्रांतीला मास्तरांनी गोळी सुटलेल्यांचा सत्कार ठेवला. ह्याची संध्याकाळची गोळी सुटली, त्ये मास्तरांनी सगळीच सुटली असं धरलं. अचानक ह्याचं नाव पुकारलं, खांद्यावर शाल टाकली, टाळ्या. हा नुसता हुभा. परत येताना मला म्हणला, बापू, उद्या सांगतो सगळ्यांना. त्यो उद्या काय आला न्हाई."

म्हणजे तुम्ही आपणहून बोलला नव्हतात. पण गप्प राहिलात. ती शाल घरी आणलीत तेव्हा मला सांगितलंत, "दोन वर्षं नियमित आलो म्हणून दिली." तेवढं मात्र तुम्ही मला खोटं सांगितलंत. राग येतो मला त्याचा. अहो, माझ्यापासून लपवायचं काय कारण होतं? गोळी तर मीच देत होते. हसले असते थोडी, चिडवलं असतं चार दिवस, आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून बागेत नेलं असतं.

तुमच्या कंपनीच्या भाषेत, मीही होल्डवरच ठेवलं असतं हे सगळं, निकाल न लावता. फलक लागू दे, तुमचं नाव राहू दे, कोणाचं काय बिघडतं, असं मनाशी ठरवून झालं होतं. पण काल कासारवाडीच्या शैलाताई आल्या. त्याच वर्गातल्या, जाड भिंगाचा चष्मा, तुम्ही गेलात तेव्हा सगळ्यांत जास्त रडल्या त्या. किती वाळल्यात. तासाभरात तीन तांबे पाणी प्यायल्या. चप्पल काढताना टाचेला पट्टी दिसली. मी विचारलं तर म्हणाल्या, "फोड आलाय, बरा व्हायचं नाव नाही. पण वहिनी, गोळी काही घेणार नाही हं मी. भाऊंनी सोडल्या, मीही सोडल्या. त्यांचं बघूनच धीर आला."

मी चहाचं भांडं गॅसवर ठेवलं. त्यांना तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं माहितीये? "बिनसाखरेचाच करते हं चहा." तुम्हाला काय बोलायचं, मीही तशीच निघाले.

त्या गेल्यावर मी माळ्यावरची तुमची पेटी काढली. ती शाल शोधायची होती. मागच्या थंडीत विटका स्वेटर घालून कुडकुडत बसायचात, मी म्हणायचे नवी कोरी शाल आहे ना, काढा की, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचात. शाल पेटीच्या तळाशी होती, प्लास्टिकमध्ये तशीच. आणि तिला दोऱ्याने बांधलेला तुमचा तो पिवळा टॅग.

ते टॅगचं वेड कंपनीतून घरी आणलंत तुम्ही. ज्या पीसबद्दल शंका, त्याला पिवळा टॅग. पासही नाही, रिजेक्टही नाही, होल्ड. माझ्या मिक्सरला बांधलात, माझ्या बहिणीने पाठवलेल्या पापडांच्या डब्याला बांधलात, तिने तर वर्षभर अबोला धरला. आणि नियम तुमचाच होता, की होल्डवरचा माल आठ दिवसांच्या वर ठेवायचा नाही, निकाल लावायचा.

टॅगवर तुमचं टपोरं अक्षर. पार्ट: शाल. कारण: सकाळची गोळी चालू. निर्णय: आणि पुढे कोरं. सहीची जागाही कोरी.

मी जमिनीवर बसूनच रडले. राग होता, हसूही येत होतं, आणि पहिल्यांदा तुमची भयंकर कीव आली. रोज सकाळी चाळीस लोकांसमोर बसायचात आणि ही शाल इथं निकालाची वाट बघत पडली होती. उद्या, उद्या करत राहिलात, आणि मग उद्या उरलाच नाही.

मी जे करणार आहे ते तुम्हाला आवडेल का? खरंच कळत नाही. लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील, तेही कळत नाही. कदाचित मास्तर चिडतील. कदाचित तुमची निळी चटई कोणी पुन्हा अंथरणार नाही. पण शैलाताईंच्या टाचेचं मला स्पष्ट कळतं. ती जखम तुमच्या नावावर वाढते आहे, आणि मान हलवली तेव्हापासून माझ्याही.

म्हणून शब्द देते. उद्या साडेसहाला शाल आणि ती अर्धी पट्टी घेऊन मी बागेत जाईन. फलक लागायच्या आधी उभी राहून सांगेन की ह्यांची संध्याकाळची गोळी योगाने सुटली, सकाळची कधीच सुटली नाही, आणि त्यांना ते सांगायचं होतं. माझ्या त्या दिवशीच्या मान हलवण्याचंही सांगेन. मग तिथूनच शैलाताईंना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेईन, नाही म्हणाल्या तरी.

तुमचा टॅग मी पुरा केलाय. पेन तुमचंच घेतलं.

निर्णय: शाल परत.
सही: सुमन