माझ्या टेबलापाशी बंदूक नको

३ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. राग आला की तो कागदावर उतरवा, जिभेवर नको, असं सिस्टर बेनेडिक्टा कॉन्व्हेंटात सांगायच्या. जिभेवर उतरवून झाला. सगळा मावला नाही, म्हणून आता कागद.

ऑस्टिनमध्ये, आमच्या टेक्सासच्या राजधानीत, कायदा येतोय. परवाना असेल त्यानं सरकारी कॉलेजात बंदूक लपवून न्यायला हरकत नाही. वर्गात न्यावी, लायब्ररीत न्यावी. म्हणजे माझ्या टेबलापाशीसुद्धा. आमच्या गावच्या सरकारी कॉलेजात मी उभी हयात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर वाचनकक्षातलं खिडकीजवळचं टेबल मला दर बुधवारी दिलंय. ज्यांना धड वाक्य लिहिता येत नाही अशी मुलं येतात, म्हणजे सगळीच. माझा नवरा एमिल गेल्यापासून आठवड्यात हा एकच वार उरलाय. बाकीचे नुसतेच उजाडतात.

त्या टेबलापाशी बंदूक येणार नाही. मी, ॲग्नेस यानाक, लिहून ठेवते.

पर्स आवरली. चष्मा, जपमाळ, लाल पेन, पेपरमिंटच्या गोळ्या, एमिलचा सापवाला. चष्म्याचं घर फाटलंय. बदलायला हवं.

१९ मार्च, गुरुवार, रात्री

विधानभवनात साक्ष देऊन आले. पाय सुजलेत.

वर्लीनच्या गाडीतून गेले. वर्लीन म्हणजे माझी शेजारीण, चर्चच्या बाकावरची सोबतीण आणि बंदूकवाल्यांची झेंडेकरी. तिची स्वतःची गुलाबी आहे. बंदूक, गुलाबी! ती कायद्याच्या बाजूनं बोलायला निघालेली, मी विरुद्ध. एकाच ठिकाणी जायचं तर दोन गाड्या कशाला? वाटेत बेकरीत कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, घेतले. खसखशीचे दोनच उरले होते, दोन्ही तिनं उचलले. या लोकांचा स्वभावच तसा.

दारात तपासणीची रांग पार पायऱ्यांपर्यंत. कडेवर पोरं घेतलेल्या आया, अंगात बंदुकांविरुद्धचे शर्ट. माझे गुडघे रांगेचे राहिलेले नाहीत. परवान्याचं कार्ड दाखवलं की बाजूच्या दारानं सरळ आत सोडतात, पर्ससुद्धा उघडत नाहीत. एमिलनं परवाना काढला तेव्हा त्याला सोबत म्हणून मीही काढला होता. तो आज कामी आला. वर्लीन कार्ड घरी विसरलेली. ती रांगेत, पट्टा काढून हातात. मी आत. देव आहे.

रांगेतली एक आई म्हणाली, "बघा, त्यांच्यातली चालली." मी थांबून तिला सांगितलं की बाई, मी तुमच्याच बाजूची आहे. तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं.

बोलायला दोन मिनिटं. माझ्या आधीच्या माणसानं अनेकवचनी कर्त्याला क्रियापद एकवचनी वापरलं होतं, ते आधी दुरुस्त केलं. मुद्द्यावर येते तोवर घंटा. तरी परिणाम झाला. समितीतल्या एकानं सारखी मान डोलावली. वर्लीन म्हणते तो पेंगत होता.

परतताना ती म्हणाली, "अगं ॲग्नेस, तुझ्या पर्समध्ये काय आहे ते सांगितलंस का त्यांना?"

म्हटलं, ते एमिलचं आहे.

"अस्सं! म्हणजे एमिल घेऊन फिरतोय होय?"

खुराड्यात साप शिरला तर असावं म्हणून एमिलनं घेतलेलं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर ते. त्याला बंदूक म्हणायचं तर माझ्या कात्रीला तलवार म्हणा.

१४ जून, रविवार

राज्यपालांची सही झाली. पुढच्या वर्षी एक ऑगस्टपासून लागू.

इतका संताप की चर्चमध्ये प्रार्थनेत सगळे शेजाऱ्याला देतात तो शांतीचा हात वर्लीनला दिला तो दाबूनच दिला. "आई गं" म्हणाली. बरं वाटलं.

निश्चय: ज्या कॉलेजात बंदुका चालतात तिथे पाऊल टाकणार नाही. आजपासूनच, कायदा लागू व्हायची वाट कशाला? लायब्ररीप्रमुख डेल्फिनाला फोन करून कळवलं. ती म्हणाली, "बरं मिस ॲग्नेस. मग बुधवारी नेहमीच्या वेळेलाच ना?"

मुलीला मीच शिकवलंय. लक्ष देऊन ऐकायची सवय तेव्हाही नव्हती.

१७ जून, बुधवार

गेले. लाल पेन तिथे राहिलंसं वाटत होतं. पेन पर्समध्येच निघालं, पण गेलेच होते तर चार निबंध तपासले.

८ ऑक्टोबर, गुरुवार

कॉलेजात खुली सभा. बंदूक कुठे चालेल आणि कुठे नाही, हे कॉलेजनं ठरवायचंय. सरसकट बंदी घालायची परवानगी नाही. आजारी माणसाला विचारायचं, उशाशी विंचू हवा की पायथ्याशी.

एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, वर्गात वाद घालताना आता आधी समोरच्याच्या कमरेकडे बघेन. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी तरी काय करायचं? नापास करायच्या आधी जाकीट काढायला लावायचं?

मग वेड नावाचा मुलगा उठला. माझ्याच टेबलाचा. उशिरा कॉलेजात आलेला, सुट्टीत रोडिओत बैलावर बसणारा, स्वल्पविरामाचा जन्मजात शत्रू. म्हणाला, "मॅम, मी रात्रपाळी करून गावाबाहेर एकटा घरी जातो. फोन लागत नाही. शेरीफ येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन जातं. गाडीत ठेवावी तर पार्किंगमधून गाडी फोडून नेतात. अंगावर असली तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"तेच तर!" मी ओरडले.

"खरं सांगू का मॅम? लायब्ररीत येताना मला तुमच्या लाल पेनाचीच भीती वाटते."

सभागृह हसलं. ती मघाची मुलगीसुद्धा हसली. अशानं चळवळी मरतात.

वेडचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, असं घरी आल्यावर वाटलं. म्हणून आणखी राग आला.

१३ जानेवारी, बुधवार

नियमसमितीत शिरले. बोलावलं नव्हतं, पण खुर्ची रिकामी होती.

आज मोठा विजय. वाचनकक्षात शाळकरी मुलंही शिकायला येतात, म्हणून तिथे बंदूक नाही. मंजूर! माझं टेबल वाचलं. डेल्फिनानं मला मिठी मारली. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं.

मग शिक्षेवर घोळ. कॉलेजचे अध्यक्ष डॉ. प्रुइट म्हणजे मऊ भात. म्हणे, "मिस यानाक, पहिल्या वेळी समज देऊन सोडू. माणूस विसरतो. इकडे लोक सवयीनं बाळगतात, लक्षातही राहत नाही त्यांच्या."

मी म्हटलं, लक्षात राहत नाही तेच सगळ्यात धोक्याचे. कलम मीच लिहिलं: 'वाचनकक्षात बंदुकीसह आढळणाऱ्या कोणाही व्यक्तीला तिथे कायमचा प्रवेश बंद. वय, पद, हेतू अथवा विस्मरण ही सबब चालणार नाही.' अपिलाची एक ओळ होती, ती लाल पेनानं खोडली. डॉ. प्रुइटनी विचारलं, "नक्की ना?" म्हटलं, साहेब, मला नन्सनी वाढवलंय.

वर्लीनला संध्याकाळी वाचून दाखवलं. ती एवढी हसली की तिला खोकला झाला. हरलेली माणसं अशीच हसतात.

१ ऑगस्ट, सोमवार

काळा दिवस. काळी फीत शोधली, सापडली नाही. निळी लावली.

वाचनकक्षाच्या काचेच्या दारावर पाटी लागली. कायद्याप्रमाणे इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्हींत. अक्षरं किमान एक इंच हवीत म्हणतात. मी म्हटलं, किमान कशाला? दुप्पट करा, उद्या कोणी म्हणायला नको की दिसलं नाही. दोन्ही मजकूर मी तपासले. स्पॅनिशमधली एक मात्रा राहिली होती, ती घालून घेतली.

रात्री खुराड्यात खुडबुड. पर्स घेऊन गेले. घूस होती.

३१ ऑगस्ट, बुधवार

सगळं क्रमानं लिहिणार.

दुपारी वेड निबंध घेऊन टेबलापाशी आला. बाहेर डांबर वितळतंय आणि याच्या अंगात जाकीट. कमरेपाशी फुगवटा. चांगला नारळाएवढा! खाली बसताना तोंड वाकडं केलं. मी गोड बोलत राहिले, टेबलाखालून मेसेज करून कॉलेजच्या पोलिसाला बोलावलं.

पोलीस आला. सगळी मुलं माना वर करून बघायला लागली. वेड म्हणाला, "मॅम, खरंच?" म्हटलं, दाराशी पाटी वाचलीस ना? उघड जाकीट.

त्यानं उघडलं. गोठवलेल्या मटारची पिशवी, पट्ट्यानं बांधलेली. शनिवारी बैलानं पाडलं होतं. अर्धे मटार वितळून शर्ट ओला झाला होता. "बंदूक गाडीत पण नाही मॅम," तो म्हणाला. "पाटी लागल्यापासून घरीच ठेवतो. बुधवारी इथे यायचं असतं ना."

कोणीतरी मागे खुदकन हसलं. मला ते सहन झालं नाही. मी पोलिसाला ठणकावलं की नियम सर्वांना सारखा. एकट्या वेडचीच का? इथे बसलेल्या प्रत्येकाची झडती घ्या आणि सुरुवात माझ्यापासून करा. असं म्हणून पर्स टेबलावर पालथी केली. जोरात, सगळ्यांना दिसेलशी.

जपमाळ. चष्मा. पेपरमिंट घरंगळत वेडच्या पुस्तकापर्यंत गेल्या. मग एमिलचा सापवाला.

सगळे टेबलाकडे बघायला लागले. मला आधी वाटलं, पेपरमिंटकडे बघतायत. "घ्या की," असंही म्हटलं बहुतेक.

पोलिसानं ते रुमालात उचललं. म्हणाला, "मॅम, भरलेलं आहे."

अर्थातच भरलेलं आहे. रिकाम्यानं साप मरतो का? मी त्याला समजावलं की ही बंदूक नाही, एमिलची वस्तू आहे, तो गेल्यापासून पर्समध्ये असते, माझ्या ध्यानातसुद्धा नसते. बोलता बोलता माझंच वाक्य मला ओळखीचं वाटायला लागलं.

डेल्फिना नियमांचा कागद घेऊन आली. वाचायची गरज नव्हती, पण पोलिसानं वाचायला सांगितलं. 'हेतू अथवा विस्मरण' इथपर्यंत वाचून तिनं कागद उलटून पाहिला. म्हणाली, "मिस ॲग्नेस, अपिलाची ओळ कुठेय? इथे असायला हवी ना?"

सांगितलं, नाही. चांगली खोडलीय.

वेडनं पेपरमिंट गोळा करून पर्समध्ये भरल्या. दारापर्यंत सोबत आला, एका हातानं मटार धरून. "त्यांना सांगतो मी, मॅम. तुम्ही तशा नाही आहात." म्हटलं, निबंधात तिसऱ्या परिच्छेदात क्रियापद चुकलंय, ते बघ आधी.

१ सप्टेंबर, गुरुवार

डॉ. प्रुइटना फोन केला. म्हटलं, माझी गोष्ट वेगळी आहे. ते म्हणाले, "मिस यानाक, जानेवारीत कलम पाठवताना मेलमध्ये तुम्हीच लिहिलं होतं की प्रत्येकजण हेच सांगेल." मऊ भात कुठला? कडक निघाला.

६ सप्टेंबर, मंगळवार

खुराड्यात साप. खराखुरा, एमिलच्या मनगटाएवढा. एमिलची वस्तू पोलिसांच्या कपाटात. वर्लीनला हाक मारली. गुलाबी घेऊन आली, एका गोळीत संपवला. वर म्हणाली, "बुधवारी माझ्याकडे ये, पत्ते खेळू." तिला सांगितलं, बुधवारी मला काम असतं.

७ सप्टेंबर, बुधवार

पर्समध्ये चष्मा, जपमाळ, लाल पेन, पेपरमिंट. एवढंच. हलकी लागते, खांद्यावरून सारखी घसरते.

नेहमीच्या वेळेला गाडी घेऊन निघाले. पार्किंगमध्ये लायब्ररीसमोर लावली. बंदी वाचनकक्षात आहे, पार्किंगमध्ये नाही. बसले.

खिडकीतून माझं टेबल दिसत होतं. टेबलापाशी वेड होता, समोर शाळेतली दोन मुलं. तो त्यांना काहीतरी समजावत होता. हातात लाल पेन. स्वल्पविराम शिकवत असेल तर देवच वाचवो. उठून आत जायला गाडीचं दार उघडलं.

मग बंद केलं. इथूनसुद्धा पाटी वाचता येते, चष्म्याशिवाय. दोन्ही भाषांत एकही चूक नाही.