गच्चीवरचा फॉर्म्युला चार

२ मार्च, रविवार. सकाळी ७
आजपासून संशोधन. विषय: घराच्या स्लॅबचं आयुष्य वाढवणे. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीत काढली आणि थेरगावात स्वतःचीच गच्ची गळते! दत्तोबा गवंडी बघून म्हणाले, "उद्धवराव, उताराचा घोळ हाय. जुना कोबा फोडा, नवा घाला." अनुभव दांडगा, डेटा शून्य. नकार दिला.

५ मार्च
फॉर्म्युला एक: सिमेंट, डिंक. भेगा.
फॉर्म्युला दोन: सिमेंट, गूळ, हिरडा. बायको विजयश्री म्हणाली, डब्यातला गूळ संपला. संशोधनाला घरातून पाठिंबा नसतोच.

८ मार्च
मुंग्या. फॉर्म्युला तीनमध्ये गूळ नाही. तोही उकलला.

९ मार्च, रविवार
फॉर्म्युला चार जमला! गच्चीला दोन हात दिले. कोपऱ्यातल्या, पाणी वाहून जायच्या पाइपाचं तोंडही बुजवलं. गळती तिथूनच, हा माझा निष्कर्ष.

१६ मार्च, रविवार. सकाळी ९
टेस्ट. गच्चीत चार इंच पाणी, अठ्ठेचाळीस तास. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू सोजराबाईंनी विचारलं, "भाऊ, खोलीत राहू ना मी?" म्हटलं, बिनधास्त.
सायंकाळी ६. पातळी इंचभर खाली. बाष्पीभवन.

१७ मार्च
सोजराबाई म्हणतात, छताला ओल आली. त्यांना ओल आणि सावली यांतला फरक समजावला. पाणी आणखी दीड इंच खाली. बाष्पीभवनाचा वेग विक्रमी. नोंद घ्यायला हवी.

१८ मार्च. सकाळी ८
छताचा गिलावा पडला. सोजराबाईंच्या शिलाई मशीनवर. पाच मिनिटांपूर्वी त्या तिथेच बसल्या होत्या. दळण आणायला उठल्या म्हणून वाचल्या. येऊन मशीन पुसत राहिल्या.
पाणी सोडायला गच्चीवर धावलो. पाइपाचं तोंड उघडेना. फॉर्म्युला चार तेवढ्या एकाच जागी पक्का बसलाय.
दत्तोबांना फोन केला.

२३ मार्च, रविवार
सोजराबाई आमच्या हॉलमध्ये राहतायत. माझं संशोधनाचं टेबल विजयश्रीने त्यांच्या मशीनला दिलं. मला विचारलं नाही.
दत्तोबांनी कोबा फोडला, उतार काढला, नवा घातला. चार दिवसांत. मालात काही सुचवू का, विचारलं. म्हणाले, "सुचवा की. आधी आठ दिस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा."

२६ मार्च
सकाळी पाणी मारलं. संध्याकाळी मारलं.
दत्तोबा येऊन बघून गेले. म्हणाले, "हे जमतंय तुमाला."