चिठ्ठी आबांच्या हाती लागली

५ जून, सकाळी ६.१०
आजपासून आत्मकथनात्मक कादंबरी. नाव ठरलं: 'उघडा मी'. कॉलेजात मराठी शिकवून चोवीस वर्षं झाली, आता नांदेडला कळू दे लेखक कोण ते. नियम एकच: स्वतःला सोडायचं नाही. एकेक पाप चव्हाट्यावर. शिल्पाला नाव सांगितलं. म्हणाली, आधी बनियन घाला, दूधवाला आलाय.

सकाळी ७.०५
पापं लिहून झाली. दहावीत भूगोलाची कॉपी, शेजाऱ्यांची सीताफळं. अर्धं पान. निर्मळ आयुष्य जगल्याचा हा तोटा.

८ जून
मार्ग सापडला. आपल्या आयुष्यात आपली माणसं येतात, म्हणजे त्यांची पापंही आपलीच. शिवगंगाअक्का घेतली. माझी थोरली बहीण. पस्तीस वर्षांपूर्वी मुखेडला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सिद्धरामवर तिचा जीव होता. तिनं त्याला चिठ्ठी लिहिली, चिठ्ठी आबांच्या हाती लागली, महिन्यात वडिलांनी अक्काचं लातूरला लग्न लावलं. एका बैठकीत बारा पानं! लिहिताना रडलो. फार छान रडलो.
नाव बदललं: गंगाशिवा. आता कुणाचा बापही ओळखणार नाही.

११ जून
शिल्पानं वाचलं. अक्काला विचारलं का, म्हणाली. सांगितलं, सत्य परवानगी मागत नसतं. मग तिला तिच्या माहेरावरचं प्रकरण दाखवलं. शांतपणे म्हणाली, हे छापलं तर दुसरी कादंबरी मी लिहीन.
प्रकरण काढून टाकलं. रचनेच्या दृष्टीनं ते सैलच होतं.

१६ जून
यज्ञेशचा फोन. तो लातूरला साहित्य मंडळ चालवतो. रविवारी माझं वाचन! अक्काला कळवणार नाही. भित्रेपणा नव्हे, तिच्या गुडघ्यांची काळजी. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे.

२२ जून, रविवार, लातूर बसस्थानक
अक्का आली होती. यज्ञेशनं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेलं. पहिल्या रांगेत ती आणि दाजी. दुसरं प्रकरण वाचावं असं मनात आलं, पण दुसरं प्रकरण नव्हतं. वाचलं. दोन बायकांनी डोळे पुसले. वाटलं, जिंकलो.
प्रश्नोत्तरांत अक्का उठली.
"लेखकाला एकच इचारते. चिठ्ठी आबांच्या हाती लागली म्हणून राहिलास. लागली कशी? चिठ्ठीला पाय होते का?"
मी म्हणालो, ही कादंबरी आहे, सगळं कल्पित.
"कल्पित कुठलं? गंगाशिवा म्हणजे मीच की." ती लोकांकडं वळली. "चिठ्ठी ह्याच्याजवळ दिल्ती, सिद्धरामला नेऊन दे म्हणून. ह्यानं आबांना दिली. आठवड्यात ह्याला नवी सायकल आली."
सभागृह हसलं. दाजी सगळ्यांत मोठ्यानं. त्यांना म्हणे लग्नाच्या वर्षीच तिनं सांगितलेलं. लोक म्हणाले, अक्का, पुढं सांगा. ती पाऊण तास बोलली. एकही माणूस उठला नाही.
नंतर जिन्यात गाठलं. विचारलं, रागावलीस का.
"सायकलीचा राग कवाच गेला रे सुदर्शन. तेरा वर्षांचा होतास. पण आता पन्नाशीला आलास, तरी चिठ्ठी आपली आपोआपच लागून राहिली."
माझ्याकडं बघितलं नाही. दाजींचा हात धरून एकेक पायरी उतरत गेली.

२५ जून
यज्ञेशचा फोन. मंडळाला पुढचा कार्यक्रम ठरवायचाय. लगेच कॅलेंडर काढलं, मोकळ्या तारखा सांगितल्या.
त्याला अक्काचा नंबर हवा होता.

२९ जून
बारा पानं फाडली. पहाटेपासून नव्यानं बसलो. दुपारपर्यंत लिहिलं: 'चिठ्ठी मी दिली.'
पुढं काही सुचेना. शिल्पानं विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, कादंबरी पूर्ण झाली.