पॉलीच्या बुटांचं माप

लंडन, २० सप्टेंबर १८५२

ती. आईस,
डॉर्कसचा सा. न. वि. वि.

तुझा मुरंबा पोचला. दोन्ही मुलांनी बरणी चाटूनपुसून लख्ख केली. भावोजी जाहीर वाचनांसाठी एडिंबराला गेलेत. जाताना कादंबरीचा या महिन्याचा भाग लिहून ठेवलाय. त्यांचं अक्षर छापखान्यात कुणालाच लागत नाही, म्हणून सुवाच्य प्रत आपली हॅनाच करते, हे तुला ठाऊक आहेच.

काल लिहिता लिहिता ती थांबली. मी मागून डोकावले. भावोजींनी कादंबरीतल्या छोट्या पॉलीला मारलंय. तेही आपल्या टॅबीच्या शेवटच्या शब्दांनी! उद्या नवे बूट घालीन ना, असं एप्रिलमध्ये जाण्याआधी टॅबीने आपल्या आईला, हॅनाला, विचारलं होतं, तस्संच.

हॅनाने ते पान शिवणाच्या पेटीत ठेवलं. त्या जागी एकच ओळ लिहिली, पहाटे पॉलीचा ताप उतरला. आणि प्रत छापखान्यात धाडली! मुद्रितंही तीच तपासणार. एका स्वल्पविरामासाठी घर डोक्यावर घेणारा हा माणूस, आणि ही शांतपणे मटाराच्या शेंगा सोलत बसलीय. आई, लग्न झाल्यापासून बारा वर्षं मी माझ्या या बहिणीला भित्री समजत होते.

तुझ्या मायेची हक्कदार,
डॉर्कस


डॉर्चेस्टर, २४ सप्टेंबर

चि. डॉर्कस हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. जावईबापूंनी माझ्या नाकाचं वर्णन कादंबरीतल्या एका म्हातारीला चिकटवलं तेव्हा मी हसून सोडून दिलं, पण हे हसण्यावारी जाणार नाही. हॅनाला म्हणावं, एक तारखेला अंक निघायच्या आत त्यांच्याकडे सगळं कबूल कर. त्यांनी घराबाहेर काढलं तर माझं दार उघडं आहे, पण कायद्याने मुलं बापाची. एक लेकरू गेलं, आता उरलेली दोनही गमावणार का ती?

दोघां नातवंडांना आशीर्वाद. टॅबीचं नाव लिहायला हात अजून आपोआप जातो.

तुमच्या काळजीत,
आई


लंडन, ६ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हॅनाने तुझं ऐकलं नाही. भाग निघाला. पॉली वाचली म्हणून पाववाली बाई दुकानातच रडली, अनोळखी बायकांना मिठ्या मारत होती.

सोमवारी भावोजी आले ते थेट जेवणघरात. अंक हातात. त्यांनी एवढंच विचारलं, की ते पान कुठे आहे. हॅनाने पेटीतून काढून दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि परत तिच्याच हातात दिलं. म्हणाले, लिहिलं खरं, पण हे लोकांसमोर वाचायची हिंमत मला झाली नसती. मग पुढच्या दहा भागांची मोडलेली आखणी नव्याने करायला लिहायच्या खोलीत गेले.

काल सकाळी नवलच झालं. दुपारी दोनच्या आधी लिहायच्या ज्या खोलीत पोरांनाही मज्जाव, तिचं दार उघडलं आणि त्यांनी हॅनाला आत बोलावलं. विचारलं, पॉली या महिन्यात सात वर्षांची होईल, तिला आता बूट केवढे लागतील?

हॅनाने टेबलावर वीत ठेवून माप दाखवलं. भावोजींनी ते लिहून घेतलं.

आई, यापुढे आशीर्वाद लिहिताना हात अडवू नकोस. तिघांना लिहीत जा.

तुझीच,
डॉर्कस