विहीणबाईंचा सॉस आणि बाजारातले सगळे टोमॅटो

४ मे, रविवार
लिहून ठेवावं असं माझ्या घरात काही घडत नाही. मी घडू देत नाही. पण आज विहीणबाईंकडून जेवून आल्यावर नातीनं विचारलं, आजी, उरलेली सुट्टी मी त्या आजीकडे राहू का? कारण विचारलं, तर म्हणाली, तिथे टोमॅटोचा सॉस असतो. म्हणून ही वही उघडली आहे. मन शांत आहे, हे आधी नोंदवते.

विहीणबाई म्हणजे सूनबाईची आई. चार गल्ल्या सोडून राहतात. बाई चांगली आहे, मोठ्यानं हसते इतकंच. ह्यांनी तिथे तीनदा सॉस वाढून घेतला आणि ब्रेडनं ताटली पुसून खाल्ली. इतक्या वर्षांच्या संसारात माझी ताटली कधी पुसली नाही. घरी येऊन जाब विचारला, तर म्हणाले, अगं, भूक लागली होती. म्हणजे आमच्याकडे लागत नाही.

चिरंजीवांचा फोन. पुढच्या रविवारी तिला विचारू, म्हणेल तिथे राहू दे. ठीक. रविवारपर्यंत तो सॉस मी करून दाखवते. त्यात आहे काय एवढं?

५ मे
मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते मी. दोनशे मुली माझ्या देखरेखीखाली जेवल्या, जेवणाबद्दल एकीचीही तक्रार आली नाही. तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडेच असायची, त्यामुळे हे खात्रीनं सांगू शकते.

टोमॅटो आणले. उकळत्या पाण्यात टाकले, सालं काढली, बिया काढल्या, दोनदा गाळले. कांदा, लसूण, मीठ, सगळं मोजून. रंग उत्तम. नातीनं चमच्याचं टोक चाटलं आणि विचारलं, आजी, हे कशावरचं औषध आहे? लहान आहे अजून. जीभ तयार व्हायची आहे.

हे म्हणाले, छान झालंय. जरा घाईनं म्हणाले.

६ मे
विहीणबाईंना रेसिपी विचारणार नाही. जीव गेला तरी नाही. नातीकडूनच काढून घ्यावी म्हणून केस विंचरता विंचरता सहज विषय काढला. तिनं सांगितलं ते असं: आधी मी स्टुलावर उभी राहते. मग आम्ही टोमॅटो हातानं फोडतो. ते उडतात. एकदा त्या आजीच्या चष्म्यावर उडाला. मग ती हसते, मग मी हसते, मग चव बघतो, मग परत चव बघतो. मग मीठ.

माहिती निरुपयोगी. प्रमाण नाही, आच किती ते नाही, किती वेळ शिजवायचं ते नाही. विहीणबाईंनी पोरीला पढवून ठेवलेलं दिसतं.

इथे फोडू का एक, म्हणून विचारत होती. नाही म्हटलं. ओटा आत्ताच पुसला होता.

७ मे
दुसरा प्रयत्न. आंबट झाला, म्हणून साखर घातली. घातलेली साखर काढता येत नाही.

संध्याकाळी भाजीवाल्याकडे शोध लागला. वेलीवर पिकलेले टोमॅटो रोज सकाळी विहीणबाई नेतात. तो म्हणाला, काकू, त्या एकेक हातात घेऊन वास बघतात, दोन गोष्टी बोलतात, मग घेतात. तुम्ही येता तेव्हा मी खालचेच देतो, तुम्ही कधी बघत नाही.

म्हणजे दोष मालात होता. मला आधीच शंका होती.

८ मे, सकाळी सहा
भाजीवाल्यानं गाडी लावायच्या आत हजर. पिकलेले सगळे उचलले, उद्याचे आणि परवाचेही सांगून ठेवले. तो म्हणाला, काकू, घरात काही कार्य काढलंय का? म्हटलं, हो, समज तसंच.

मत्सर माझ्या स्वभावात नाही. हे फक्त नियोजन आहे.

९ मे
आणखी दोन टोपल्या. हे म्हणाले, आपण दोघं आणि ही एवढीशी, हे खाणार कोण? ह्यांना नियोजन कधी कळलंच नाही. बाथरूममध्ये गारवा असतो, म्हणून टोपल्या तिथे ठेवल्या. ह्यांना कोपऱ्यात उभं राहून आंघोळ करावी लागली. आंघोळीला जागा तेवढीच लागते.

विहीणबाईंचा फोन. अहो, बाजारात टोमॅटोचा दुष्काळ पडलाय बघा, तुमच्या बाजूला मिळताहेत का? म्हटलं, उन्हाळा फार आहे. खोटं बोलले नाही.

१० मे
उकाडा. सगळे एकदम पिकले. तळाचे फुटले. बाथरूमभर चिलटं. शेजारीण नाकाला रुमाल लावून चौकशी करून गेली. चारही शेगड्यांवर पातेली चढवली. एक करपलं, एक उतू गेलं, उरलेल्या दोहोंबद्दल लिहीत नाही. एक बरणी गरमच बंद केली होती, तिचं झाकण उडून छताला लागलं. भिंतीवर लाल, माझ्या केसांत लाल.

नात टाळ्या पिटायला लागली. म्हणाली, आजी, परत कर ना!

मी ओरडले. जोरात ओरडले. ती आत जाऊन आपली बॅग भरू लागली. कपड्यांच्या घड्या नीट घातल्या. मीच शिकवल्यात.

११ मे, रविवार
सकाळीच विहीणबाई दारात. भाजीवाल्यानं त्यांना सांगितलंच होतं. माझा खुलासा तयार होता; मुद्देसूद होता. पण त्यांनी बाथरूममध्ये डोकावून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, अगंबाई, एवढे सगळे माझ्यासाठी अडवून ठेवलेत? किती करता हो तुम्ही लोकांसाठी! आणि हसत सुटल्या. टोमणा असता तर मी ओळखला असता.

म्हटलं, हो, तुमच्यासाठीच.

चिरंजीवांचा फोन यायच्या आत नातीनं चपला घातल्या होत्या. मला म्हणाली, तू पण चल ना, फोडायला तुला सगळ्यात मोठ्ठा देते. म्हटलं, मला कामं आहेत. कुठली कामं, म्हणाली. बाथरूम धुवायचंय, असं सांगितलं. ते खरंच आहे.

सॉसचा प्रश्न निकालात निघाला आहे. त्यांच्याकडे सुपूर्द केलं ते असं:

टोमॅटो: होते तेवढे सगळे, फुटके धरून.

हे: कुणी मागितले नव्हते. टोपल्या उचलायला म्हणून गेले, नवा शर्ट घालून.

नात: बॅगेसह. हात सुटायला थोडा वेळ लागला. माझा.